आधी खोड सांगा

स्टोअरबाईंचं खरं नाव त्यांच्या लाइटबिलावर आहे, पण ते वाचायची वेळ कोणावर येत नाही. चौतीस वर्षं त्यांनी एका मोठ्या रुग्णालयाचं स्टोअर सांभाळलं. निवृत्त होऊन चार वर्षं झाली, तरी इमारतीतली शेंबडी पोरंसुद्धा त्यांना स्टोअरबाईच म्हणतात. उंची बेताची, आवाज मात्र बेताचा नाही. कपाळावर चष्मा ठेवून घरभर चष्मा शोधायची सवय यजमानांना, आणि तो शोधून द्यायचं काम बाईंचं. संसार असा नीट वाटून घेतलेला.

सगळं सुरू झालं ते व्यायामाच्या सायकलीवरून. यजमानांनी साठी उलटल्यावर ती हौसेनं घेतली. पहिला आठवडा तिच्यावर ते बसले, पुढची पाच वर्षं टॉवेल बसले. एके दिवशी बाईंनी इमारतीच्या फोनवरच्या ग्रुपवर लिहिलं : 'व्यायामाची सायकल. डावं पेडल करकरतं. सीट टोचते. वजन कमी होत नाही, घरी येऊन नमुना पाहू शकता. टॉवेल छान वाळतात. हवी त्यानं फुकट न्यावी.'

दहा मिनिटांत दुसऱ्या मजल्यावरची शिलाईवाली दारात हजर.

"बाई, इतकं खरं लिहिलंय म्हणजे वस्तू चांगलीच असणार."

"अगं, करकरते गं ती."

"माझं मशीनही करकरतं. दोघींना सोबत होईल."

संध्याकाळपर्यंत ग्रुपला ऊत आला. कोणी मिक्सर देऊ केला : 'आरडाओरडा करतो, पण मनाचा चांगला आहे.' कोणी कपाट : 'एक दार आपल्या मर्जीनं उघडतं.' चौथ्या मजल्यावरच्या एका काकूंनी तर लिहिलं : 'नवरा. जुनं मॉडेल, आवाज जास्त, काम कमी.' त्यावर तीन बायकांचं एकच उत्तर आलं : 'आमच्याकडे आहे.'

जिन्याखाली पूर्वी पाण्याच्या पंपाची खोली होती. पंप अंगणात हलवल्यापासून तिथे फुटक्या ट्यूबलाइट आणि उताणी पडलेली झुरळं एवढाच ऐवज होता. त्या वेळच्या चेअरमनकडून बाईंनी खोलीची चावी मागून घेतली, खोली घासली, फळ्या ठोकल्या आणि दारावर पुठ्ठा लावला. पुठ्ठ्यावर तीन ओळी. आधी खोड सांगा, मग वस्तू ठेवा. नेणाऱ्याला 'कशाला हवंय' विचारू नका. आभार मानू नका. तिसऱ्या ओळीवर पुष्कळ चर्चा झाली. बाईंचं म्हणणं असं, की आभार मानले की देणाऱ्याची मान ताठ होते आणि घेणाऱ्याची वाकते. दोघांच्याही मणक्याला वाईट.

प्रत्येक वस्तूला दोऱ्यानं एक चिठ्ठी बांधलेली असायची आणि तिच्यावर खोड. इमारतीला या पद्धतीची इतकी सवय झाली, की एकदा दातांच्या डॉक्टरांनी खोकंही न फोडलेला नवाकोरा टोस्टर आणून ठेवला, चिठ्ठीवर 'उत्तम' लिहिलं, तर तीन आठवडे त्याला कोणी हात लावेना. "उत्तम? मग देतोय कशाला? काहीतरी लपवतोय हा." शेवटी बाईंनी 'उत्तम' खोडून लिहिलं : 'खोकं फार मोठं आहे.' तासाभरात टोस्टर गेला.

आता एवढं वेड कशासाठी, असं यजमान अधूनमधून विचारत. बाई उत्तर देत नसत, कारण उत्तर विनोदी नव्हतं. रुग्णालयात मोडकी वस्तू आली की तिच्यावर 'निरुपयोगी' असा शिक्का मारून तिचे तुकडे करायचा नियम होता. ती कोणाला द्यायची नाही, फोडायचीच. शिक्का बाईंच्या हातात. एकदा एक चाक तुटलेला पाळणा आला. झाडूवाली म्हणाली, "बाई, माझ्या लेकीला दिवस गेलेत, मला द्या. चाक मी बसवून घेईन." बाई म्हणाल्या, "नियम नाही." आणि तिच्यासमोरच त्या पाळण्यावर हातोडा पडला. झाडूवाली काही बोलली नाही. बोलली असती तर बाईंना बरं वाटलं असतं.

यंदा इमारतीला नवे चेअरमन मिळाले. शर्टाला कडक इस्त्री आणि त्याहून कडक मतं. निवडून आल्याच्या तिसऱ्या दिवशी त्यांनी सूचनाफलकावर कागद डकवला : जिन्याखालील भंगार रविवारच्या सभेपूर्वी हटवावे. तेथे पाहुण्यांसाठी काचेच्या दाराचा प्रतीक्षाकक्ष होईल.

बाईंनी त्यांना जिन्यातच गाठलं.

"इमारतीत पाहुणे येतात किती, साहेब?"

"प्रश्न शानचा आहे, वहिनी. बाहेरच्या माणसाला वाटतं, इथे गरजू लोक राहतात."

"राहतातच की. मी आहे ना गरजू. परवा मला बरणीचं झाकण हवं होतं."

"तुम्ही विकत घेऊ शकता!"

"झाकण कुठे मिळतं विकत? झाकणासाठी अख्खी बरणी घ्यायची, आणि मग ती बरणी ठेवायला तुमचा प्रतीक्षाकक्ष?"

चेअरमन कठडा धरून एकेक पायरी चढून गेले.

घरी यजमान म्हणाले, "अगं, सोड ना. ती खोली काय तुझ्या बापाची आहे?"

"बापाची असती तर भावांनी कधीच घेतली असती. बापाची नाही म्हणूनच सोडत नाही."

रविवार आला. बाईंनी खोलीतली एक सुरीसुद्धा हलवली नव्हती.

सभा खाली गाड्यांच्या जागेत. दरवेळी खुर्च्या भाड्यानं येत. या वेळी सेक्रेटरींनी सोपा मार्ग काढला आणि ज्याच्या त्याच्या घरून खुर्च्या मागवल्या. सेक्रेटरी भला माणूस. कोणाचं मन दुखवायला नको म्हणून स्वतःच्या मागे पडणाऱ्या घड्याळालाही 'होतं असं कधीकधी' म्हणणारा. त्या सव्वीस खुर्च्यांपैकी निम्म्याहून जास्त जिन्याखालून वर गेलेल्या, आता परत खाली आलेल्या. कोणाला हात नव्हते, कोणाला जास्तीचा एक होता. कित्येकींच्या पायाला चिठ्ठ्या अजून तशाच लोंबत होत्या. चेअरमननी त्यातली सगळ्यात रुबाबदार खुर्ची निवडली. काळी, उंच पाठीची, गोल फिरणारी. चिठ्ठी वाचण्याचा प्रश्नच नव्हता.

"सभासदहो," ते सुरू झाले, "आपण भंगारात राहायचं की इमारतीत?"

वाक्य छान होतं. टाळी पडली नाही, कारण सगळ्यांचं लक्ष खुर्चीकडे होतं. खुर्ची हळूहळू खाली चालली होती. स्वच्छतेच्या मुद्द्याला साहेबांची छाती टेबलाच्या वर होती, शिस्तीच्या मुद्द्याला खांदे, आणि 'आपली मान उंच राहिली पाहिजे' इथे पोचेपर्यंत टेबलावर फक्त मान उरली होती. शिलाईवालीनं पदर तोंडात कोंबला. मागून कोणीतरी म्हणालं, "साहेब, दिसत नाहीये."

बाई उठल्या. "साहेब, चिठ्ठी वाचायची होती. 'बसल्यावर दहा मिनिटांत खाली जाते. कुरकूर करत नाही.'"

मग हसू आवरेना. बाई मात्र हसल्या नाहीत.

"एक विनंती आहे," त्या म्हणाल्या. "या खुर्च्या जिन्याखालच्या आहेत. ज्याला हे भंगार वाटतं त्यानं कृपा करून भंगारावर बसू नये. उभं राहावं."

कोणी हललं नाही. हललं कोण, तर चेअरमन. ते उठले, इस्त्री झटकली आणि टेबलाला धरून उभे राहिले. गुडघा दुखरा होता, सगळ्यांना माहीत होतं. पण माणूस शब्दाचा पक्का. बाईंना मनातून तो तेव्हा पहिल्यांदा आवडला.

"मी उभा राहीन," ते म्हणाले, "पण खोली सोसायटीची आहे. उद्या कुलूप बदलेन. चेअरमनला तो अधिकार आहे."

हे खरं होतं, आणि हसू जिथल्या तिथे विरलं. सेक्रेटरी घाईनं मध्ये पडले. "असं करू या का? तात्पुरती परवानगी देऊ. सहा महिने. मग परत बघू. दोघांचंही राहील." त्यांनी सभेच्या वहीत लिहायलाही घेतलं. आणि बाईंचीच माणसं मान डोलावू लागली. टोस्टर नेलेली शेजारीण, कपाटवाले, खुद्द यजमान. "घे ना," यजमान कुजबुजले, "सहा महिने काय कमी आहेत?"

बाई टेबलापाशी गेल्या.

"अकरा वर्षं तात्पुरती होते मी," त्या म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता, त्यामुळे मागच्यांना पुढे झुकावं लागलं. "दर सहा महिन्यांनी एक दिवस घरी बसवायचे आणि दुसऱ्या दिवशी परत घ्यायचे. त्या एका दिवशी मी चूल पेटवायची की नाही, याचाही विचार करायची. सहा महिने वरिष्ठांशी गोड बोलायचं, का, तर सातवा यावा म्हणून. त्या भीतीपायी 'नियम नाही' म्हणून मी कोणाकोणाला परत पाठवलं, ते मला माहीत आहे. आता या वयात कोणाशी गोड बोलायला मला जमणार नाही. खोली द्यायची तर कायमची द्या. नाहीतर आत्ता नाही म्हणा, मी दारात बसते आणि वस्तू पायऱ्यांवर मांडते. मग करा तुमची शान."

"धमकी देताय, वहिनी?" चेअरमननी विचारलं.

"नाही. पत्ता देतेय. पहिली पायरी."

शिलाईवाली खुर्चीवरूनच म्हणाली, "कायमची लिहा हो, सेक्रेटरीसाहेब." मग दातांचे डॉक्टर म्हणाले, "कायमची." चौथ्या मजल्यावरच्या काकूंनी स्वतःचा हात वर केला आणि दुसऱ्या हातानं नवऱ्याचाही. यजमानांनी इकडेतिकडे पाहिलं, चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला आणि हात वर केला. हात वर जात राहिले. विरोधात दोनच : एक चेअरमन, आणि एक उशिरा आल्यामुळे खुर्ची न मिळालेले गृहस्थ.

सेक्रेटरींनी 'तात्पुरती' शब्दावर रेघ ओढली, वर 'कायमस्वरूपी' लिहिलं आणि सुटकेचा श्वास टाकून वही मिटायला गेले. बाईंनी वहीवर तळहात ठेवला.

"खोडलेल्या शब्दाशेजारी सही लागते. चेअरमनची. नाहीतर उद्या कोणीही म्हणेल, बाईंनी खोडलं."

"ठराव झालाय, वहिनी," चेअरमन म्हणाले. "आता माझी सही कशाला?"

"तुम्ही नियमाचे माणूस आहात म्हणून."

चेअरमननी खिशातून पेन काढलं, टेबलावर एका हाताचा भार टाकला आणि उभ्याउभ्याच सही केली. शाईचं पेन होतं. शाई पुरती वाळेपर्यंत बाईंनी वही कोणाला मिटू दिली नाही.