लॉर्ड ऑल्डकोट आणि हेर आठल्ये

शशिधर आठल्ये यांना लॉर्ड ऑल्डकोट पहिल्यांदा भेटले ते सांगलीच्या शाळेत. इतिहासाच्या सरांनी वक्तृत्व स्पर्धेसाठी या विसरल्या गेलेल्या इंग्रज मंत्र्याचं एक भाषण त्यांच्याकडून घोकून घेतलं. ज्याच्या नावावर वीतभर जमीन नाही त्यालाही मत हवं, असं पार्लमेंटात ठणकावून सांगणारं ते भाषण. आणि ते करणारा स्वतः बड्या जमीनदाराचा मुलगा. आठल्यांचा पहिला नंबर आला, आणि तो लॉर्ड त्यांच्या डोक्यात ठाण मांडून बसला तो कायमचाच.

पुढे ते इंजिनियर होऊन स्टुटगार्टला आले. गिअरचे दाते तपासण्यात उमेदीची वर्षं घालवली, तिथल्याच त्सुफेनहाउझेन भागात घर केलं, आणि जर्मन पासपोर्ट हाती पडताच एका पक्षाचे सभासद झाले. तिथे सगळे त्यांना 'हेर आठल्ये' म्हणत, म्हणजे जर्मन रिवाजाने आठल्येसाहेब. त्यांच्या पत्नी मालविकाबाईंना वाटलं, चार दिवसांचं खूळ आहे. पण आठल्ये थंडीवाऱ्यात विजेच्या खांबांवर पक्षाची पोस्टरं बांधत राहिले, शनिवारच्या बाजारात पत्रकं वाटत राहिले, आणि बैठक संपली की कॉफीचे कप विसळूनच घरी येत राहिले.

सोबत लॉर्डसाहेबांचं चरित्र चालूच होतं. महाराष्ट्र मंडळाच्या दिवाळी अंकात दरवर्षी एक प्रकरण. जुनी पुस्तकं चाळताना त्यांना कळलं, की ऑल्डकोट एकविसाव्या वर्षी पार्लमेंटात गेला तो मामाच्या जिवावर. मामाच्या गावात मतदार पंधरावीस, तेही सगळे मामाची कुळं. मामाने नाव काढलं, कुळांनी माना डोलावल्या. गरिबांच्या मताचं ते भाषण त्याने केलं ते याच जागेवर उभं राहून. पुढे निवडणुका हरूनही तो मंत्री होत गेला. वसाहतींचं खातं सांभाळलं, एकही वसाहत न पाहता. आठल्ये हे सगळं चवीने लिहीत. "तेव्हा पद्धतच तशी होती," असं म्हणून सोडूनही देत.

दोन हजार चौदाच्या महापालिका निवडणुकीत पक्षाने त्यांना उमेदवारी दिली. यादी साठ नावांची. वरची काही निवडून येतात, बाकीची शोभेला. आठल्यांचं नाव बावन्नावं होतं. वरच्या नावांत लुकास नावाचा चोवीस वर्षांचा मुलगा होता. त्याचे वडील मावळते नगरसेवक.

"लुकासने एक तरी पोस्टर बांधलंय का?" आठल्यांनी पक्षाच्या अध्यक्ष क्नाउसबाईंना विचारलं.

"त्याला लोक ओळखतात, हेर आठल्ये."

"त्याला की त्याच्या आडनावाला?"

"गेनाऊ, अगदी बरोबर," क्नाउसबाई म्हणाल्या. आपण काही वावगं बोललो असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं नाही. "आणि इथे मतदार आवडत्या उमेदवाराला तीन मतं देऊ शकतो. खालचा माणूसही वर येतो. तुमचे लोक आता केवढे आहेत या शहरात."

आठल्यांना ते पटलं. मंडळाच्या कार्यक्रमात त्यांनी भाषण केलं. भरलेल्या हॉलने टाळ्यांचा कडकडाट केला. मग कपिल नावाचा एक तरुण इंजिनियर संकोचत जवळ आला.

"काका, तिन्ही मतं तुम्हालाच दिली असती हो. पण आम्ही सगळे ब्लू कार्डवाले, नोकरीच्या परवान्यावर आलेले, पासपोर्ट भारतीयच. आम्हाला मतच नाही."

आठल्यांनी हॉलभर नजर फिरवली. मतदार म्हणावेत तर मालविकाबाई आणि दोन जुनी कुटुंबं.

लुकास निवडून आला. आठल्ये दोन पायऱ्या वर सरकले, एवढंच. आठवड्याने क्नाउसबाईंचा फोन आला. पक्षाचा उन्हाळी मेळावा होता. "समोसे तुमच्याकडचेच हवेत. मागच्या वेळी लगेच संपले."

"मी तळणार नाही," मालविकाबाई म्हणाल्या.

"मग मी तळतो," आठल्ये म्हणाले, आणि खरोखर तळले.

त्या दिवाळीचं प्रकरण त्यांनी 'मामाचा भाचा' या नावाने लिहिलं. त्यात ऑल्डकोटची अशी काही सालटी काढली होती की संपादिका उल्काताईंनी फोन केला. "काका, मेलेल्या लॉर्डावर एवढा राग?"

"राग माझा नाही, इतिहासाचा आहे," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

चार वर्षं गेली. पुढच्या निवडणुकीची यादी बनत असताना क्नाउसबाईंचा पुन्हा फोन आला. आठल्ये खुर्चीत सावरून बसले. पण बाईंना हवी होती त्यांची मुलगी शर्वाणी. शर्वाणी वकील होती, भाडेकरूंचे खटले लढायची, आणि नुकतीच पक्षात आली होती. तिला नववी जागा द्यायचं ठरत होतं. "आठल्ये हे नाव आता इथे रुजलंय. तुमच्या कष्टांमुळेच," बाई आपुलकीने म्हणाल्या.

रविवारी शर्वाणी घरी आली. मराठी सगळं समजे तिला, पण उत्तर जर्मनमध्येच.

"बाबा, ही जागा तुझी आहे. मी नाही म्हणून सांगते."

"जागा मिळते तेव्हा घ्यायची असते," आठल्ये म्हणाले. "भाषणं नंतर करता येतात."

मालविकाबाई चहा गाळत होत्या. त्या म्हणाल्या, "अहो, मग तुमच्या लॉर्डाने तरी वेगळं काय केलं होतं?"

आठल्यांनी कप उचलला आणि ते गॅलरीत जाऊन उभे राहिले.

पुन्हा पोस्टरं बांधली. या वेळी मुलीच्या चेहऱ्याची. शर्वाणी आरामात निवडून आली. अभिनंदनाचे फोन ओसरल्यावर तिने वडिलांना बाजूला घेतलं.

"बाबा, पक्षाच्या बैठकांना आता नको येऊस. तू फार लांबण लावतोस. लोक मला तोंडावर बोलत नाहीत, पण घड्याळाकडे बघतात."

"बरं," आठल्ये म्हणाले.

तिचं पहिलं भाषण मात्र ऐकायचंच होतं. ते टाउनहॉलच्या प्रेक्षक गॅलरीत जाऊन बसले. ती घरभाड्यांवर बोलली. मोजकं, मुद्द्याचं, चांगलं बोलली. वडिलांचा उल्लेख आला नाही, यायचं कारणही नव्हतं. बाहेर क्नाउसबाईंनी एका पाहुण्याशी ओळख करून दिली: "हे आमच्या नगरसेविका फ्राउ आठल्यांचे वडील." पाहुण्याने हात मिळवला आणि विचारलं, "तुम्हालाही राजकारणात रस आहे का?"

"नाही," आठल्ये म्हणाले.

घरी आल्यावर मालविकाबाईंनी विचारलं, "कशी बोलली?"

"छान बोलली."

"तुम्हाला पाहिलं का तिने?"

"पाहिलं," ते म्हणाले, आणि ओला कोट खुंटीला लावायला वळले. "मग दुसरीकडे पाहिलं."