एक जूनला जन्मलेल्या दोघी

अन्याय झाला तो आमच्या वाडीतल्या वरच्या काकूंवर. झाला दिवाळीनंतरच्या दुसऱ्या मंगळवारी, सकाळी साडेअकराच्या सुमारास, शाळेच्या ओट्यावर, सगळ्या वाडीच्या देखत. भंडारदऱ्याच्या अंगाला असलेल्या आमच्या वाडीत एका संस्थेच्या फिरत्या दवाखान्याची गाडी महिन्यातून एकदा येते. सिस्टर नावं पुकारतात आणि गोळ्यांची पाकिटं वाटतात. काकू भाताची झोडणी अर्धी टाकून, हातपाय धुऊन रांगेत उभ्या राहिल्या. रांग संपली, पाकिटं संपली. त्यांचं नाव पुकारलंच नाही.

गोळ्या फिटच्या होत्या. सकाळी एक, संध्याकाळी एक, गेली कित्येक वर्षं. त्या एकदम तोडायच्या नसतात; तोडल्या तर झटका येऊ शकतो. काकूंचं घर चढावर, दारात उतार, आणि सून शेतावर गेली की चुलीपाशी त्या एकट्या. डब्यात चार दिवसांच्या गोळ्या उरल्या होत्या.

मी त्याच वाडीची. आता नगरजवळ नागापूरला, एका लेथच्या वर्कशॉपच्या माडीवर असलेल्या चार टेबलांच्या ऑफिसात प्रोग्राम लिहिते. उरलेल्या वेळात पत्रकं लिहिते. एसटीची फेरी बंद झाली की पत्रक, शाळेला मास्तर मिळाला नाही की पत्रक. त्यामुळे वाडीत काही बिघडलं की फोन मला येतो. त्या दुपारी मी डबा उघडला होता, तेवढ्यात काकूंच्या सुनेचा आला.

"ताई, आत्यांचं नावच न्हाई म्हनं यादीत."

"नाही म्हणजे? म्हणालं कोण?"

"सिस्टरच म्हनल्या. लई वरखाली बघितलं त्यांनी. म्हनल्या, यादी नगरवरनं येती, माज्या हातात न्हाई."

"मग काकू काय म्हणाल्या?"

"काय म्हनायच्या? म्हनल्या, मी हितं उबी हाय की, यादीत कशाला पायजे."

मी डबा बंद केला आणि कागद ओढला. पत्रकाची रीत मला पाठ आहे. पहिल्या ओळीत कुणावर झालं, दुसरीत कधी झालं, तिसरीत कुणी केलं. पहिल्या दोन ओळी एका दमात उतरल्या. वर मोठ्या अक्षरात मथळाही टाकला, 'गरिबाचं नाव पुसणाऱ्यांनो, जबाब द्या'. तिसऱ्या ओळीसाठी सिस्टरना फोन लावला. म्हटलं, पुसणाऱ्याचं नाव सांगा, मी घाबरत नाही.

सिस्टर म्हणाल्या, "बाई, ती यादी तुमच्याच ऑफिसच्या सॉफ्टवेअरमधून निघते ना? माझी जुनी वही तूच तर घेऊन गेली होतीस."

शेजारच्या टेबलावर आमचे सर बसतात. वयानं मोठे, कामात हळू, बोलण्यात तिखट. त्यांनी सगळं ऐकलं होतं, कागदही बघितला होता. मान वर न करता म्हणाले, "मथळा जोरदार आहे. खाली सही कुणाची घेतेस?"

मी कॉम्प्युटर उघडला.

संस्थेसाठी आम्ही बनवलेल्या या प्रोग्रामची दोन अंगं आहेत. एक सिस्टरच्या लॅपटॉपवर चालतं, कारण आमच्या डोंगरात फोन लागतो, पण इंटरनेट चालत नाही. त्या तिथं नोंदी करतात आणि इंटरनेट मिळालं की त्या नोंदी इकडे येतात. दुसरं वेबवर चालतं. संस्थेच्या नगरच्या ऑफिसात त्यावर यादी निघते आणि पाकिटं भरली जातात. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात तिथल्या क्लार्कनी तक्रार केली होती की यादीत तीच तीच नावं दोनदा छापून येतात, घाण साफ करा. मी नियम लिहिला. नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव, गाव आणि जन्मतारीख, या पाच गोष्टी जुळल्या तर माणूस एकच, दोन ओळींची एक करा. कडक नियम होता. क्लार्कनी आभार मानले, आणि मी दिवसभर स्वतःवर खूश होते.

आता आमची वाडी ऐका. आडनाव सगळ्यांचं एकच. पोरांना नावं आज्याची, नाहीतर देवाची, म्हणजे ती पाचसहाच. दोन चुलतभावांची नावं सारखी निघाली आणि दोघांच्या बायकांचीही. एकीचं घर ओढ्याच्या वर, दुसरीचं खाली. म्हणून एक वरची, एक खालची. वाडीतलं शेंबडं पोरही या दोघींत चुकत नाही. राहिली जन्मतारीख. दोघी आपापल्या माहेरी चौथीपर्यंत शाळेत गेलेल्या. जन्म कुणी लिहून ठेवलेला नव्हता. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, म्हणून मास्तरांनी पोर उभं करून बघितलं, वर्षाचा अंदाज बांधला आणि तारीख टाकली एक जून. दोन गावचे दोन मास्तर, पण तारीख तीच आणि अंदाजही तोच. आमच्याकडे पन्नाशी उलटलेल्या कुणालाही वाढदिवस विचारा, बहुतेकांचा एक जून निघेल. माझ्या आईवडिलांचासुद्धा. हे मला माहीत होतं. दोघी काकूंच्या हातचं मी लहानपणापासून खाल्लं आहे. तरी स्क्रीनवर मला दोन सारख्या ओळी दिसल्या आणि मी एक उडवली.

सिस्टरच्या वहीत ही चूक झाली नसती. त्यांनी एका नावापुढे पेन्सिलीनं 'व' लिहिलं होतं, दुसऱ्यापुढे 'खा'. वही कॉम्प्युटरवर चढवताना मी ती अक्षरं बघितली होती. त्यांच्यासाठी माझ्या डेटाबेसच्या टेबलात रकाना नव्हता, म्हणून सोडून दिली.

"उडवलीस म्हणजे पुसली नाहीस ना?" सरांनी विचारलं.

पुसली नव्हती, आणि त्याचं श्रेय माझं नाही. सरांचा हट्ट असतो की डेटाबेसमधून काहीही पुसायचं नाही. नको ती ओळ झाकायची, आणि कधी झाकली, कुणी झाकली, ते शेजारच्या रकान्यात लिहायचं. मी यावर भांडले होते. कचरा सांभाळायला डिस्क काय फुकट येते का, असं म्हणाले होते. आता वरच्या काकूंची अख्खी ओळ जशीच्या तशी सापडली, औषध, डोस, सगळ्यासकट. 'कुणी' या रकान्यात माझं नाव होतं. पत्रकाची तिसरी ओळ.

पण ओळी एक करताना माझ्या नियमानं दोघींची औषधंही एकत्र केली होती. वरचीच्या फिटच्या गोळ्या आणि खालचीच्या ब्लडप्रेशरच्या, आता सगळ्या खालचीच्या नावावर. आणि खालच्या काकू दिवाळी होताच संगमनेरला मुलाकडे राहायला गेल्या होत्या. सिस्टरनी रीतसर 'गाव सोडले' अशी नोंद केली. त्यामुळे ते नाव वाडीच्या यादीतून गेलं, आणि संस्थेनं पद्धतीप्रमाणे महिन्याचं पाकीट मुलाच्या पत्त्यावर कुरिअरनं धाडलं. पाकिटात दोन्ही औषधं होती. म्हणजे वरची गोळ्यांवाचून, आणि खालची नको त्या गोळ्या खात असणार. मुलाचा नंबर नोंदीत होता. फोन खालच्या काकूंनीच उचलला.

"काकू, पाकीट आलं का? पांढऱ्या गोळ्या खाल्ल्या का तुम्ही?"

"कोन, तू व्हय? पांढऱ्या कशाला खाऊ? त्या वरचीच्या हायेत."

"तुम्हाला कसं कळलं?"

"आगं, धा वर्सं तिच्या शेजारी रांगेत उबी ऱ्हायले. तिच्या पांढऱ्या, माज्या गुलाबी."

"एकसुद्धा नाही ना खाल्ली?"

"एक बी न्हाई. डब्यात ठिवल्यात."

"मग कुणाला सांगितलं का नाही?"

"सांगितलं की पोराला. त्यो म्हनला, कॉम्प्युटरनी दिल्यात म्हंजी बरोबरच आसत्याल, खा गुमान. मी म्हनलं, तुज्या कॉम्प्युटरला फिट येती का? मला न्हाई येत."

मी खुर्चीत मागे टेकले. सर माझ्याकडे बघत होते. "नाही खाल्ल्या," मी म्हटलं, तसे ते चहा सांगायला गेले.

संस्थेला मी लगेच कळवलं. ते नवं पाकीट भरायला तयार होते, पण नगरहून कुरिअर, तिथून जीप, कधी पोचलं असतं कोण जाणे. खालच्या काकूंनी कुणाचीच वाट बघितली नाही. बुधवारी सकाळी संगमनेरहून एसटी धरली, आमच्या तालुक्याच्या गावी, अकोल्याला, जीपमध्ये बसल्या आणि दुपारी स्वतः पांढऱ्या गोळ्या घेऊन ओढ्याच्या वर चढल्या. सिस्टरनी फोनवरून गोळ्यांच्या पट्टीवरचं नाव सुनेकडून वाचून घेतलं आणि बरोबर आहेत म्हणाल्या. वरच्या काकूंची एकही गोळी चुकली नाही. सुनेनं फोन स्पीकरवर टाकला तेव्हा मागे भाताच्या पेंढ्या आपटल्याचा आवाज येत होता. मी माफी मागितली.

"तुजं चुकलं व्हय?" वरच्या काकू म्हणाल्या. "मला वाटलं सरकारचं."

"माझंच."

"आसू दे. आता आलीय तर हिला झोडनीला लावते. संगमनेरात बसून मऊ झालीय."

खालच्या काकूंनी मागून काहीतरी शिवी हासडली आणि दोघी हसायला लागल्या. इकडे मी डबा उघडला. कालचाच होता, तसाच राहिलेला. भाकरी वातड झाली होती. सगळी खाल्ली.

त्यानंतर सिस्टरना त्यांच्या सुट्टीच्या दिवशी नागापूरला बोलावलं. वही मध्ये ठेवली आणि एकेक पेन्सिलीची खूण त्यांना विचारली. एका नावाखाली दुहेरी रेघ होती, म्हणजे ऐकू कमी येतं, मोठ्यानं पुकारा. एका नावाला गोल होता, म्हणजे वाचता येत नाही, गोळ्या रंगावरून सांगा. मी विचारलं, "हे मला आधी का नाही सांगितलंत?" सिस्टर म्हणाल्या, "तू विचारलंस कधी? तू वही घेतलीस आणि पळालीस."

मग डेटाबेसमधलं टेबल नव्यानं मांडलं. प्रत्येक माणसाला आमचा स्वतःचा एक नंबर, नावाशी, गावाशी, तारखेशी काही संबंध नसलेला, एकदा दिला की कधी न बदलणारा. तारखेशेजारी एक खूण, खरी की अंदाजे. 'गावात कसं ओळखतात' असा एक मोकळा रकाना, ज्यात सिस्टर काहीही लिहू शकतात. आणि दोन ओळी सारख्या वाटल्या तर मशीन फक्त विचारतं. उत्तर सिस्टर देतात, त्या माणसाला भेटून. क्लार्कना यादी आता लांब वाटते. वाटू दे.

पत्रक छापलं नाही. त्याऐवजी हे लिहिलं, कारण तिसऱ्या ओळीत माझ्यासारखे पुष्कळ जण बसतील. तुम्ही कुठं ना कुठं माणसांची यादी सांभाळत असाल, शाळेची, पतपेढीची, रेशनची, पाणीवाटपाची. ती आज उघडा. ज्या दोन ओळी तुम्ही किंवा तुमच्या मशीननं एक केल्या, त्या शोधा. दोघांना फोन लावा. दोघांशी बोलून होईपर्यंत कुणाचंही नाव काढू नका, आणि ज्यांचं काढलं आहे त्यांचं आजच परत घाला.