चंचलचं उपाशी पोट

पोटाच्या सोनोग्राफीला मूल चार तास उपाशी लागतं. हे आम्ही आईबापांना तीन भाषांत सांगतो, भिंतीवरही लिहिलंय, तरी ते मुलाला बिस्कीट देतात आणि काही दिलं नाही म्हणून शपथ घेतात. सरलाबाईंपुढे ही शपथ टिकत नाही. त्या मुलाचं तोंड उघडून वास घेतात आणि बिस्कीट ग्लुकोजचं होतं की क्रीमचं, तेही सांगतात.

सरलाबाई आमच्या सोनोग्राफी खात्यात मदतनीस आहेत. मूळच्या पारोळ्याकडच्या. नवरा हिलाल लूमवर लागला तेव्हा त्या सुरतेत आल्या. मी धम्मरत्न, आजोबा रेल्वेत होते म्हणून भुसावळहून इथे आलेल्या घरातला. पडद्याच्या अलीकडे बसून रिपोर्ट टाइप करतो. तपासताना मुलांना धरून ठेवायचं काम बाईंचं. एक हात खांद्यांवर, एक गुडघ्यांवर. मूल आधी रडतं, मग कंटाळून गप्प पडतं. माझ्या आठ वर्षांत त्यांच्या हातून एकही मूल निसटलेलं नाही, आणि त्याबद्दल त्यांना कोणी शालही दिलेली नाही.

त्यांना डॉक्टरांचं मौनही वाचता येतं. आमचे डॉक्टर तपासताना क्रिकेटवर बोलतात. ते गप्प झाले आणि त्यांनी मशीनचा पोटावर फिरवायचा दुसरा दांडा मागितला, की समजायचं पोटात गाठ आहे. अशी मुलं वर्षाला चार-पाच येतात. बहुतेक वेळा अंघोळ घालताना आईच्याच हाताला गाठ लागलेली असते. बाई त्या आईला बाहेरच्या बाकावर बसवतात आणि पाणी देतात.

गेल्या भादव्यात एका सोमवारी त्या स्वतःच्या नातीला घेऊन आल्या. चंचल, साडेचार वर्षांची. आदल्या दिवशी न्हाऊ घालताना डाव्या बरगडीखाली काहीतरी कडक लागलं होतं. महिनाभर पोरगी दोन घासांत पोट भरलं म्हणत होती, आणि रोज दवाखान्यात काम करणाऱ्या या बाई तिच्यावरून मीठ-मोहऱ्या उतरवत होत्या. मला राग आला. पण ती वेळ राग काढायची नव्हती.

डॉक्टरांनी दांडा फिरवला आणि क्रिकेट अर्ध्यातच राहिलं. त्यांनी विचारलं, काय खाऊ घातलं? बाई म्हणाल्या, कालच्या रात्रीपासून काही नाही. जरा वेळाने त्यांनी पुन्हा विचारलं, आणि तिसऱ्यांदा आवाज चढवून. कारण उपाशी पोरीचं जठर तुडुंब दिसत होतं. स्क्रीनवर एक पांढरी कमान होती आणि तिच्यामागे नुसता काळोख, सोनोग्राफीला पलीकडचं काही दिसेना. जन्मभर लोकांच्या पोरांची तोंडं हुंगणाऱ्या बाईंवर बिस्किटाचा आळ आला.

"साहेब, मी देईन का?" एवढंच त्या म्हणाल्या.

डॉक्टरांनी दुसरा दांडा मागितला. थोड्या वेळाने गुजरातीत म्हणाले, "मासी, छोकरी हले छे."

मी पडद्याच्या फटीतून पाहिलं. चंचल स्वस्थ पडली होती. बाईंचे हात हलत होते.

टायपिस्टला आत जायची परवानगी नाही. मी गेलो आणि पोरीला धरलं. बाई बाहेर जाऊन त्याच बाकावर बसल्या. नंतर मी पाणी नेऊन दिलं तेव्हा त्यांनी विचारलं, "धम्माभाऊ, गाठ शे ना?" मी म्हणालो, अजून काही कळत नाही. त्यांनी विश्वास ठेवला नाही. खरं तर मीही घाबरलो होतो.

दुपारी सीटी स्कॅन झाला. डॉक्टरांनी बाईंना बोलावून स्क्रीन दाखवली. दोन्ही किडन्या जागच्या जागी, धडधाकट. गाठ कुठल्याच अवयवातून उगवलेली नव्हती. जठराच्या आत एक गोळा सुटा पडला होता आणि त्यात हवेचे बारीक ठिपके अडकले होते. पोरगी माती, केस असलं काही खाते का, असं डॉक्टरांनी विचारलं.

सुरतेच्या लिंबायत वस्तीतल्या पुष्कळ घरांसारखं बाईंच्याही घरी साड्यांचे धागे कापायचं काम चालतं. कापड मार्केटमधून गठ्ठे येतात, साडीच्या उलट्या बाजूचे लोंबते धागे कापायचे, गठ्ठे परत करायचे. लूमचं काम सुटल्यापासून हिलालभाऊ दिवसभर तेच करतात आणि चंचल त्यांच्याशेजारी धाग्यांच्या ढिगात बसते. हूं की चूं नाही. मी एकदा चहाला गेलो होतो तेव्हा मीही तिला गुणी म्हणालो होतो. पोरगी गुणी आहे, आजोबांजवळ राहते, असं म्हणूनच बाईंनी चंचलच्या आईला, सून जागृतीला, सुरतेबाहेरच्या सचिन गावातल्या कारखान्यात कामाला पाठवलं होतं.

"धागा," बाई म्हणाल्या.

ऑपरेशनने गोळा निघाला. जठराच्याच आकाराचा, वीतभर लांब. पोरगी सुखरूप होती. सर्जननी गोळा मधोमध कापून ट्रेमध्ये ठेवला आणि बाहेर आणून दाखवला. जागृतीने मान फिरवली. बाईंनी चष्मा लावला आणि मार्केटचा माल तपासतात तसा तो तपासला. वरचा पोपटी धागा गणपतीच्या आठवड्यात आलेल्या गठ्ठ्यातला होता. त्याखाली मोरपंखी, मग जरीचा. अगदी आत, मधोमध, राणी कलर.

"हाऊ राणी कलर आखाजीना शे," बाई म्हणाल्या. आखाजी म्हणजे अक्षय तृतीया, चार महिन्यांपूर्वीची. मग चष्मा काढला. "तवयच चंचलनी माय कामले लागनी."

तेव्हा जागृतीने ट्रेकडे पाहिलं.