आधी माझं ताट

"काल रात्री काय जेवलात?" डॉक्टरबाईंनी विचारलं, आणि मला सांगता येईना.

प्रश्न काही अवघड नव्हता. मी आठवून आठवून सांगायला लागले. लेकीनं अर्धी पोळी टाकली होती, ती खाल्ली. धाकट्याच्या वाटीत दूधभात उरला होता, तो संपवला. कुकरच्या तळाला राहिलेलं वरण भांडं घासायला टाकायच्या आधी पिऊन घेतलं. मग काहीतरी गोड हवंसं वाटलं म्हणून चहाबरोबर बिस्किटं. बाईंनी लिहिता लिहिता पेन थांबवला.

"हे झालं मुलांचं उरलेलं. तुमच्या ताटात काय होतं?"

ताट वाढून घेतलंच नव्हतं. त्या रात्री नाही, त्याच्या आदल्या रात्रीही नाही. कधीपासून नाही, हेही आठवेना.

मी चिकलठाण्याच्या एका औषध कंपनीत, गोळ्यांची तपासणी करणाऱ्या लॅबमध्ये काम करते. दिवसभर उभं राहून दुसऱ्यांच्या औषधाचं प्रमाण बरोबर आहे की नाही ते बघायचं. आठवड्याच्या सुरुवातीला तिथंच माझ्या डोळ्यांसमोर अंधारी आली होती. शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीनं धरलं म्हणून पडले नाही. रक्त तपासलं तर दोन गोष्टी निघाल्या. अंगात रक्त कमी, आणि साखर काठावर येऊन उभी. मला हे उमगेना. जी बाई धड जेवतच नाही तिला साखर कशी होईल?

"धड जेवत नाही म्हणूनच, मग भूक बिस्किटांवर भागवता," बाई म्हणाल्या. त्यांनी रक्तवाढीच्या गोळ्या दिल्या, तीन महिन्यांनी परत बोलावलं आणि दारापर्यंत येऊन सांगितलं, "गोळ्या मी दिल्या. ताट तुम्हाला स्वतःलाच वाढून घ्यावं लागेल."

सिडकोतल्या आमच्या घरी आम्ही पाच माणसं. नवरा वाळूजला कंपनीत, त्यांची पाळी दर आठवड्याला बदलते. लेक सहावीत, पोरगा पहिलीत. आणि सासूबाई. त्यांना मी आत्याबाई म्हणते. त्या सोयगावकडच्या. त्यांच्या माहेरी पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं राखायचं काम. लग्नानंतर शेतमजुरी करून त्यांनी एकुलत्या एका पोराला आयटीआयपर्यंत शिकवलं. घरातली शिस्त त्यांची. आधी पोरं, मग घरातला गडीमाणूस, मग आत्याबाई, आणि त्यांच्यानंतर मी. हा नियम मला कुणी सांगितला नव्हता. त्या सून असताना तशाच जेवल्या होत्या, आणि मी आले तेव्हा ती जागा रिकामी होती, एवढंच.

दवाखान्यातून आल्यावर संध्याकाळी स्वयंपाक झाला. मी पाच ताटं घेतली आणि सगळ्यात आधी माझं वाढलं. मेथीची भाजी, वरण, दोन पोळ्या, काकडी. ताट घेऊन मी चटईवर बसले आणि पहिला घास घेतला.

पोरं बघतच राहिली. धाकटा म्हणाला, "मम्मी, तू जेवायली?"

"व्हय. तू पण ये. ताट वाढून ठेवलंय."

"भरव ना."

"तुला हात आहेत. मलाही भूक लागलीय."

त्यानं भोकाड पसरलं. आत्याबाई देवापाशी दिवा लावत होत्या, त्या तिथूनच बोलल्या, "लेकरू उपाशी अन्‌ माय जेवायली. असं बघितलं नव्हतं बाई कुठं."

पण मी उठले नाही. भरल्या डोळ्यांनी मेथीची भाजी खाल्ली, आणि एक गोष्ट लक्षात आली: भाजी गरम होती. माझ्याच हातची भाजी मी गरम खाऊन कितीतरी दिवस झाले होते. थोड्या वेळानं लेक माझ्या शेजारी ताट घेऊन बसली. तिच्या मागं धाकटाही आला, नाक ओढत.

तिथून पुढं रोज तेच. रोज रडणं, रोज टोमणा, आणि रोज मी पहिली बसणार. कंपनीतल्या कामानं मला एक शिकवलंय, एकदा जमलं म्हणजे जमलं असं नसतं, पुन्हा पुन्हा तेच आलं तर खरं. चहातली साखर कमी करत करत बंद केली. कँटीनचा समोसा सोडला आणि मोड आलेली मटकी डब्यात न्यायला लागले. चालायला वेळ कुठून आणायचा हा मोठा प्रश्न होता. पहाटे डबे, संध्याकाळी अभ्यास. शेवटी कंपनीच्या बसमधून येताना घराच्या आधीच उतरायला लागले. ड्रायव्हरला वाटलं मी नवीन घर घेतलं. वाटेत भाजी घ्यायची, भराभर चालायचं, घामेजून घरी यायचं. रविवारी शहागंजच्या मंडईत जाऊन आठवड्याची पालेभाजी आणायची, ती निवडायचं काम नवऱ्याकडं दिलं. त्यांची पहिली शेपूची जुडी मुळांसकट कुकरजवळ आली होती.

"अहो, मुळं कोण काढणार?"

"मला वाटलं मुळातच ताकद असती," ते म्हणाले. पण पुढच्या रविवारी नीट निवडली.

पाण्याच्या दिवशी मात्र सगळं कोलमडायचं. आमच्या शहरात नळाला पाणी रोज येत नाही. येईल त्या दिवशी सगळं घर पिंपं, घागरी, बादल्या भरत पळत असतं. त्या दिवशी ना चालणं, ना धड जेवण. पहिल्या एक-दोन वेळा मी हताश झाले, गेलं सगळं असं वाटलं, आणि दुसऱ्या दिवशीही उभ्यानंच खाल्लं. मग मनाशी ठरवलं: पाण्याचा दिवस हिशेबात धरायचाच नाही. मोडलं तर मोडलं, दुसऱ्या दिवशी सकाळी परत तिथून सुरू. दुसरा दिवस मात्र सोडायचा नाही.

खरं भांडण लागलं ते भाकरीवरून. डॉक्टरबाईंनी ज्वारी खायला सांगितली होती. मलाही ज्वारीची भाकरी आवडते, माझ्या आईकडं रोज असायची. सासरी मात्र भाकरी कधी दिसली नव्हती. कायम गव्हाची पोळी, तुपाचं बोट लावलेली. मी कधी विचारलंही नव्हतं का ते. एका संध्याकाळी मी ज्वारीचं पीठ परातीत घेतलं तशा आत्याबाई ओट्याजवळ आल्या.

"हे काय करायलीस?"

"भाकरी. डॉक्टरांनी सांगितलंय."

"गहू संपले का?"

"नाही, आहेत की."

"मग भाकरी कशाला?" आवाज चढला होता. "ह्या घरात भाकरी करायची नाय."

मी थापतच राहिले. त्या तरातरा बाहेर जाऊन बसल्या, आणि त्या दिवशी जेवल्या नाहीत. नवरा मधल्यामधी सापडला. मला म्हणाले, "आईचं वय झालंय, सोड की." मी म्हणाले, "त्यांचं वय झालंय, माझी साखर वाढलीय. कोणतं आधी बघायचं?" दुसऱ्या दिवशीही मी भाकरी केली. फक्त माझ्यापुरती, बाकीच्यांना पोळ्या. आत्याबाई जेवल्या, पण माझ्याशी बोलल्या नाहीत. हे बरेच दिवस चाललं. घरात अबोला असला की वाढायलाही जड जातं, पण मी दोन्ही परातींत पीठ मळत राहिले.

मग त्यांचा धाकटा भाऊ आला, नवऱ्याचे मामा. ते अजूनही मेंढरं राखतात, पावसाळा सरला की कळप घेऊन गावं पालथी घालतात. दवाखान्याच्या कामानं शहरात आले होते. आत्याबाई स्वतःहून माझ्याशी बोलल्या, "आज तेवढं भाकरीचं काढू नको. पुऱ्या कर. श्रीखंड आण. माझ्या भावाला दिसू दे, बहीण कुठं नांदायली ती."

मी पुऱ्या केल्या. श्रीखंडही आणलं. आणि माझ्यासाठी एक भाकरी थापली, कारण त्या दिवशी मोडलं असतं तर मग कधीच धरता आलं नसतं, एवढं मी स्वतःला ओळखते. मामा हात धुऊन आले, ओट्याकडं बघून म्हणाले, "पोरी, ती भाकर कुणाची?"

"माझी, मामा."

"मला दे की. पुरी लई तेलकट. पोटाचंच दुखणं दाखवायला आलोय."

आत्याबाईंचा चेहरा असा झाला की मला माझीच लाज वाटली. त्या उठून आतल्या खोलीत गेल्या. मामांना वाढून मी त्यांच्या मागं गेले. त्या पलंगाच्या कडेला बसल्या होत्या, पदर तोंडाला लावून.

"आत्याबाई, माझं काही चुकलं का?"

त्या म्हणाल्या, "तुला काय ठाव. आम्ही लहान असताना मेंढरांमागं फिरायचो. सकाळी केलेली भाकर संध्याकाळी दगड व्हायची. मीठ नाय, मिरची नाय, पाण्यात बुडवून खायची. ती पण आईच्या वाट्याला यायची नाय. मी बघायची, आम्ही खाल्लं की ती परात खरवडायची." त्यांनी डोळे पुसले. "पोराला नोकरी लागली तवा मी देवापुढं बोलले, आता ह्या घरात रोज गव्हाची पोळी. तू भाकर थापायला बसलीस की मला वाटतं, आपलं परत मागं चाललंय."

इतके दिवस मी त्यांना हट्टी समजत होते. मी त्यांच्या पायाशी खाली बसले.

"आत्याबाई, आपण मागं नाही चाललो. तेव्हा दुसरं काही नव्हतं म्हणून भाकरी होती. आता घरात गहू आहे, भाजी आहे, दही आहे. त्यातून मी भाकरी निवडतेय. आणि परात खरवडायची नाही म्हणूनच तर हे सगळं करायलेय ना मी. तुमच्या आईसारखी मीही उरलेलंच खात होते. चक्कर येऊन पडणार होते."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "मला कुणी सांगितलं नाय, तुला चक्कर आली ते."

खरंच सांगितलं नव्हतं. त्यांना काळजी नको म्हणून मी फक्त 'डॉक्टरांनी सांगितलंय' एवढंच म्हणत राहिले होते. त्या दिवशी मी त्यांना सगळं सांगितलं, रिपोर्टातलं, लॅबमधलं. बाहेरून मामांचा आवाज आला, "अगं अक्का, येतीस का नाय? भाकर कडंला कच्ची आहे, पण चव झ्याक!"

आत्याबाईंना हसू फुटलं. "कच्ची राहणारच. वरचं पाणी सुकायच्या आधीच उलथती ही." त्या उठल्या, पदर खोचला आणि माझ्यासाठी दुसरी भाकरी थापायला बसल्या. इतक्या वर्षांनी थापत होत्या, पण हात काही विसरला नव्हता. भाकरी परातीत गरागरा फिरत मोठी होत गेली, तव्यावर टम्म फुगली. लेक शाळेचं दप्तर टाकून बघत उभी होती. "आजी, मला शिकव," ती म्हणाली.

"तुला नाय. आधी तुझ्या बापाला शिकवते," आत्याबाई म्हणाल्या. "त्याला मी काहीच शिकवलं नाय."

त्या रागावून म्हणाल्या की गमतीनं, मला कळलं नाही. पण पुढच्या आठवड्यात नवऱ्याची सकाळची पाळी होती, आणि संध्याकाळी ते खरंच परातीसमोर बसले. त्यांच्या भाकरीचा आकार वर्णन करण्यासारखा नाही. तरी पोरांनी ती भांडून खाल्ली.

तीन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासलं. रक्त वाढलं होतं. साखर थोडी मागं सरकली होती, फार नाही. मला वाटलं होतं बाई शाबासकी देतील. त्यांनी रिपोर्ट बघितला, मान डोलावली आणि म्हणाल्या, "असंच चालू ठेवा. हे सुटलं की साखर परत येते." मी जरा खट्टू होऊन घरी आले. मग वाटलं, बरोबरच आहे. आंघोळ एकदा केली म्हणून कुणी उद्याची सोडतं का?

आता आम्ही रात्री सगळे एकदम बसतो. नवऱ्याची दुसरी पाळी असेल तर ते सोडून. आत्याबाई अजूनही एक गव्हाची पोळी खातात, तूप लावून, आणि त्यांना कुणी काही म्हणत नाही. धाकटा पालेभाजी अजूनही ताटाच्या कडेला ढकलतो. मी ती त्याच्या ताटातून उचलत नाही. त्यानं खाल्ली तर खाल्ली, नाहीतर कचऱ्याच्या डब्यात जाते. माझ्या पोटात जात नाही.

परवा कंपनीत सांगितलं, पुढच्या महिन्यापासून लॅबलाही पाळ्या लागणार. म्हणजे एक आठवडा मी संध्याकाळी घरी नसेन. सगळी बसवलेली घडी परत विस्कटणार. बसमध्ये बायका चिडल्या होत्या. मीही चिडले. घरी आले, हातपाय धुतले आणि सगळ्यांना बसवून सांगितलं.

"मग तू कधी जेवणार?" लेकीनं विचारलं.

"कंपनीत. बसून. डबा इथून नेणार."

"डब्यात भाकर कडक पडती," आत्याबाई म्हणाल्या. "दशम्या करून देईन. दुधात पीठ मळलं की मऊ राहत्यात."

"ज्वारीच्या होतात?"

"व्हतात की. बघ तर खरं."

नवऱ्यानं विचारलं, "आणि चालायचं काय? बस तर अंधारात सोडणार."

ते मला अजून माहीत नाही. दुपारी निघायच्या आधी मैदानावर एक फेरी होईल कदाचित, उन्हाळा लागला की तेही अवघड. पण काहीतरी काढेन. आज सकाळी आत्याबाईंबरोबर गिरणीत गेले आणि ताजी ज्वारी दळून आणली.