इंदूरचं शिबिर आणि कडी लावून घेतलेलं इंजेक्शन

शिबिराच्या पंचविसाव्या वर्षाचं निमंत्रण मोबाइलवर आलं आणि मी ते आधी डिलीट केलं. दोन दिवसांनी लाज सोडून ग्रुपवर पुन्हा मागून घेतलं. टाइप वन मधुमेह असलेल्या मुलांचं ते उन्हाळी शिबिर. इंदूरला राहत होतो तेव्हा, बाराव्या वर्षी, मी त्यात होते. जायचं ठरवलं ते एकाच कारणासाठी. शिबिरातली मैत्रीण वैशाली, तिची माफी मागायची राहिली होती. घरी मात्र सांगितलं, शाळेच्या मैत्रिणी भेटतायत.

पुण्याहून स्लीपर बसने निघालात तर रात्रभराचा प्रवास धरून चला. माझ्यासारखे असाल तर इन्सुलिन डिकीतल्या बॅगेत टाकू नका, तिथे ते तापतं, उशाशी ठेवा. सकाळी उतरल्या उतरल्या पोहे घेतले, वर शेव आणि जिरावण मसाला. पोहेवाल्याने जिलबी पुढे केली.

"इंदौर आके जलेबी नहीं खाओगे मैडम?"

शुगर आहे, एवढं म्हणायला काय हरकत होती? मी म्हटलं, "आज उपवास है." त्याने माझ्या हातातल्या पोह्यांकडे पाहिलं आणि सभ्यपणे मान फिरवली.

कार्यक्रम खजरान्याच्या गणपती मंदिराच्या पुढे एका हॉलमध्ये होता. रविवारी गणपतीला इतकी गर्दी असते की रिक्षावाला लांबच उतरवतो. अर्धा तास हाताशी ठेवा. हॉलमध्ये टक्कल पडलेली, पोट सुटलेली आमची 'मुलं' एकमेकांना ओळखू पाहत होती. वैशालीला मी पाठमोरी ओळखलं. ती जुन्या इंदुरातच राहते, शाळेत गणित शिकवते. हिंमत होईना, म्हणून मी दुसऱ्या टोकाला बसले.

शिबिरात एक रीत होती. जेवणाआधी सगळ्यांनी ओळीने बसायचं, शिबिर घेणाऱ्या ताईंनी एक-दोन-तीन म्हणायचं आणि सगळ्यांनी एकदम टोचून घ्यायचं. दाल-बाफले, म्हणजे डाळ आणि तुपात बुडवलेले कणकेचे गोळे, वाढले गेले, ताईंनी माइक घेतला, पिशव्यांतून इन्सुलिनची पेनं निघाली. आणि मी पर्स उचलून सरळ बाथरूममध्ये गेले. कडी लावली. सोळा वर्षांची सवय, पाय आपोआप वळले.

दारावर थाप पडली. वैशाली.

"अगं, कोणापासून छुपवतेस? बाहेर साठ लोक सुया घेऊन बसलेत यार!"

मी हसायला गेले आणि रडूच आलं. माझ्या लग्नाच्या वेळी नवऱ्याला सगळं सांगितलं होतं, पण सासूबाईंना कळू द्यायचं नाही असं आमचं दोघांचं ठरलं. दोन वर्षांनी वैशालीचं स्थळ जुळत आलं. तिने मुलाकडच्यांना खरं सांगून टाकलं, आणि मला फोन केला: तू त्यांच्याशी एकदा बोल, सांग की मधुमेह असूनही आपला संसार नीट चालतो. माझं बिंग फुटेल या भीतीने मी नंतर फोनच उचलले नाहीत. स्थळ मोडलं.

"माझं चुकलं, वैशाली," मी कडी काढून दारातच म्हटलं.

"ते लोक तसेही बेकारच होते, छोड. पण दोन दिवस मी फोनजवळून उठले नाही, हे खरं. आई म्हणायची, काम में असेल."

माफ केलं असं ती म्हणाली नाही. मला बाफल्यांपाशी घेऊन गेली आणि स्वतःच्या पानातलं तूप निथळून टाकत शाळेतल्या गमती सांगत राहिली.

परतीच्या बसमध्ये मी निश्चय केला होता, आता जेवायच्या टेबलावरच घ्यायचं. पहिल्याच संध्याकाळी सासूबाई समोर आमटी वाढत होत्या. मी उठले. बाथरूम, कडी, पेन. दार उघडलं तर बाहेर माझी अकरा वर्षांची इरा भिंतीला टेकून उभी.

"तू इथे काय करतेस?"

"मी रोजच असते," ती हळू आवाजात म्हणाली. "तुझी सुई होईपर्यंत. आजी आली तर मी खोकणार."