बाटलीतला बार

मी दुसरी नापास. उभी हयात पनवेलबाहेरच्या दगडखाणीत सुरुंग लावण्यात गेली. बायको सातवी शिकलेली, गावच्या बालवाडीत बाई होती. ती गेली. घरात बोलायला कोणी उरलं नाही, म्हणून लिहितो.

नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. कुठल्याशा शिबिराला जाऊन ती रॉकेट शिकून आली. आधी सुतळीत पपईच्या देठाची नळी ओवली, नळीला फुगवलेला फुगा चिकटवला आणि तोंड सोडलं. फुगा सुतळीवरून सुसाट गेला. "हवा मागं पळते, फुगा पुढं. चंद्रावर जाणारं रॉकेट असंच," ती पोरांना म्हणाली. इथवर ठीक होतं. मग तिनं सायकलवाल्याकडून पंप आणला.

प्लास्टिकची बाटली, आत थोडं पाणी, तोंडाला बूच, बुचात सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह. बाटली तीन विटांवर उलटी उभी. हवा भरत गेली की बूच सुटून बाटली उडणार. मला म्हणाली, "तुमी बार उडवता ना? मारा पंप."

"मी नाय. कोंडलेलं काय बी मला नको."

कारण तिला ठाऊक नव्हतं. वर्षभरापूर्वी खाणीत सुरुंगाचा एक बार वात पेटवूनही फुटला नाही. अशा बाराजवळ अर्धा तास जायचं नाही, हा आमचा नियम. माझा जोडीदार दहा मिनिटांतच बघायला निघाला. मी त्याला हाक मारली नाही, विडी पेटवत होतो. तो वाकला आणि बार फुटला. घरी सांगितलं, अपघात झाला. बस.

पंप तिनंच मारला. पोरं ओरडली, "तीन, दोन, एक!" बाटली जागची हलली नाही. बूच घट्ट बसलं होतं. ती उठली आणि बाटलीवर वाकून बघू लागली.

"बार हाय! बार!" खाणीत ओरडतो तसा ओरडलो. दंड धरून तिला ओढलं, सगळी पोरं भिंतीमागं पालथी झोपवली. "कान दाबा. तोंड उघडं ठेवा. अर्धा तास कोणी उठायचं नाय."

"अवो, पाणी हाय त्यात!"

"दूध असलं तरी नाय."

एक पोरगी कुजबुजली, "काका, मला सू लागली."

"धर."

पाचेक मिनिटं गेली असतील. बायको पदर खोचून उभी राहिली. "यांच्या आया मला झोडतील," म्हणाली आणि खराटा घेऊन निघाली. मला तिला धरायचं होतं. पाय उठले नाहीत. हाकही फुटली नाही. त्या दिवशी खाणीत विडी तरी होती, आज तीही नव्हती.

तिनं खराट्यानं बूच ढोसलं. फस्सकन बाटली उडाली, कौलावर आपटली, कौल फुटलं. ती डोक्यापासून पायापर्यंत भिजली. पोरं नाचायला लागली.

"डोंगर फोडता आन् बाटलीला भ्यालात?" हसत हसत आली. माझं तोंड बघून शेजारी बसली. तेव्हा तिला जोडीदाराचं सांगितलं. विडीचंही. ती पदर पिळत राहिली.

पुढल्या वेळी तिनं मला लाल फडकं दिलं. उडवायच्या आधी मी ओरडायचं. बाटली अडली तर सगळ्यांनी भिंतीमागं बसून शंभर मोजायचे. "अर्धा तास नाय हां," तिनं बजावलं. पोरं शंभरापर्यंत मोजायला शिकली ती तिथंच. मी मात्र दर खेपेला तेवढाच भ्यायचो. ती बाटलीपाशी आणि मी फडकं घेऊन लांब.

गेल्या साली ती दवाखान्यात अखेरच्या घडीला होती. नर्स म्हणाली, "बाबा, जवळ जा, हात धरा." मी दारात भिंतीला टेकून शंभर मोजले. परत शंभर मोजले. मग गेलो. हात गार पडला होता.