हजार बैठका

मी मूळचा भित्रा. तालमीत गेलो तोही आईच्या भीतीपोटी. प्लेगात वडील गेले आणि तेव्हापासून तिला माझ्या बरगड्या बघवेनात. अठरा वर्षांचा झालो तरी अंगरखा खुंटीला अडकवल्यासारखा अंगावर लोंबायचा. महाराजांच्या राज्यात पेठेपेठेत तालमी घुमत होत्या. कोल्हापुरात राहून अंगावर मांस नसणं ही लाजच होती. एक दिवस आईनं मला हाताला धरून वस्तादांपुढं उभं केलं.

"एवढाच हाय मला," ती म्हणाली. "ह्येला माणसात आणा."

वस्तादांनी माझा दंड दोन बोटांत धरून बघितला. फुगीर अंग त्यांना आवडायचं नाही. चरबी नको, पण पीळ हवा, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी मला वीस जोर आणि पंचवीस बैठका नेमून दिल्या. "म्हैनाभर एवढ्याच. एक बी जास्त काढलीस तर तंगडं मोडीन."

पंचवीस! जुने गडी खो खो हसले. एवढ्या बैठका तर आमची म्हातारी जात्यावर बसता-उठता काढती, असं एकानं ऐकवलं. माझा स्वभाव भित्रा, पण तिरसट. घरी आलो आणि गोठ्यात कुणाला न सांगता तीनशे काढल्या.

दुसऱ्या दिवशी मांड्या भरून आल्या. तालमीत वस्तादांची नजर चुकवून त्याच गड्याला विचारलं. "भरल्यात व्हय? मग आज दुप्पट काढ की. भरल्यालं अंग मेहनतीनंच मोकळं हुतंय." तिथं सगळ्यांचा हाच समज होता. मी सहाशे काढल्या. तिसऱ्या दिवशी गोठ्यातला खांब धरून, दात-ओठ खात हजार पुऱ्या केल्या.

चौथ्या दिवशी सकाळी परसात लघवीला बसलो आणि खाली बघून जागच्या जागी गारठलो. लघवी काकवीसारखी काळपट तांबडी झाली होती. आतून रक्त चाललंय, आपण मरणार, एवढंच मनात आलं. वडिलांच्या मागं आता मीही गेलो तर आई एकटी कशी राहील? मी घाईघाईनं त्यावर माती ओढली. मग भीतीनं एक शक्कल सुचली: पाणीच प्यायचं नाही, म्हणजे लघवीला जावं लागणार नाही, आणि ते परत बघावंही लागणार नाही.

दुपारपर्यंत जीभ टाळ्याला चिकटली. मांड्या सुजून टणक झाल्या होत्या. आई दुधाचा पेला घेऊन आली, तिची नजर माझ्या मांड्यांवर गेली आणि तिचा चेहरा फुलला. "अंग धरायला लागलं की रं!" असं म्हणून तिनं माझी दृष्ट काढली. मी दुधाला तोंडही लावलं नाही. त्या वेळी जेवढा घाबरलो तेवढा पुढं आयुष्यात कधी घाबरलो नाही.

शेवटी भिंती धरत धरत तालीम गाठली. वस्ताद एकटेच कुस्तीच्या हौद्यातली माती खणत होते.

"वस्ताद, मी जास्त काढल्या."

"किती?"

"काल हजार."

मी थोबाडीत बसायची वाट बघत राहिलो. त्यांनी हळूच विचारलं, "लघवी कसली हुतीया?"

"काकवीवानी."

त्यांच्या हातातलं खोरं खाली पडलं. एवढा पहाडासारखा माणूस, पण तोंडावरचा रंगच उडाला. मग माझा उरलासुरला धीरही गेला. त्यांनी मला खांद्यावर टाकलं, भर रस्त्यानं घरी आणलं आणि तांब्यामागून तांब्या पाणी पाजलं. सरकारी दवाखान्यातले डॉक्टर आले. पाणी, पातळ ताक पाजत राहा, लघवी बंद पडली तर माझ्या हातात काही नाही, असं सांगून ते गेले.

दोन दिवस वस्ताद आमच्या उंबऱ्याशी बसून होते. दर वेळी लघवीचं भांडं उजेडात नेऊन ते वाकून बघायचे. मी भांड्याकडं बघतच नव्हतो, त्यांच्या तोंडाकडं बघायचो. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी भांडं खाली ठेवलं. "निवळली," एवढंच म्हणाले आणि पायरीवर बसून पटक्याच्या शेवानं डोळे पुसायला लागले.

तेव्हा कुठं आई भडकली. "तुमच्या भरवशावर धाडलं हुतं मी! लक्ष कुठं हुतं तुमचं?"

"अक्का, माझं पोरगं असंच गेलं," ते म्हणाले. "त्येच्या बैठका मीच मोजत हुतो. बाराशे झाल्यावर शाबास म्हणालो."

आई मटकन खाली बसली. मग वस्ताद उठले. "ह्येला आता धाडू नगा," असं म्हणून त्यांनी वहाणा पायात घातल्या.

"डॉक्टर म्हणतील तवा धाडीन," आई म्हणाली. "मोजायला मातूर तुम्हीच बसायचं."

महिन्यानं मी परत हौद्यात उतरलो. वस्ताद समोर येऊन बसले. मी खाली बसलो, उठलो आणि त्यांच्या तोंडाकडं बघत थांबलो. त्यांचे ओठ हलत होते, पण 'एक' म्हणायला आवाज फुटत नव्हता.